ओपन प्रायमरीतलं क्रॉसओव्हर मतदान

एका पक्षाच्या मतदाराने दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत जाऊन मत देणं, याला क्रॉसओव्हर मतदान म्हणतात. प्रकार मुख्यतः अमेरिकेतला. तिथे तिकीट कोणाला द्यायचं हे पक्षश्रेष्ठी ठरवत नाहीत, मुख्य निवडणुकीच्या आधी प्रायमरी होते आणि मतदारच ते ठरवतात, आणि बहुतेक राज्यांत ही निवडणूक सरकारी यंत्रणा सरकारी खर्चाने घेते. त्यामुळे पक्षाचं तिकीट हा पक्षाचा खाजगी मामला की सार्वजनिक, हा प्रश्न पहिल्यापासून आहे आणि पुढचे सगळे वाद त्यातूनच निघालेत.

आपल्याकडे राज्यसभेच्या किंवा विधान परिषदेच्या वेळी जे क्रॉस व्होटिंग गाजतं (जून २०२२ मध्ये काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले ते) ते वेगळं, तिथे पक्षाचाच आमदार पक्षाच्या विरोधात मत देतो. इथे मत देणारा साधा नागरिक असतो आणि बऱ्याच राज्यांत तो कुठल्याही पक्षाचा म्हणून कागदावर नोंदलेलाच नसतो.

नियम राज्याराज्यात वेगळे आहेत. क्लोज्ड प्रायमरीत मतदार यादीतच पक्ष लिहिलेला असतो आणि त्याच पक्षात मत देता येतं, सेमी-क्लोज्डमध्ये अपक्ष म्हणून नोंदलेल्यांनाही येऊ देतात. ओपनमध्ये पक्षाची नोंद लागत नाही, पण त्यातही दोन जाती आहेत आणि निकालाच्या वादात हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. विस्कॉन्सिनमध्ये आणि मिशिगनच्या ऑगस्टमधल्या प्रायमरीत एकाच मतपत्रिकेवर पक्षांचे वेगवेगळे रकाने असतात, मतदार आडोशाला जाऊन कुठलाही एक रकाना निवडतो आणि दोन्ही रकान्यांत खुणा केल्या तर पक्षांची सगळी मतं बाद, म्हणजे कोण कुठल्या पक्षात गेलं हे कोणालाच कळत नाही. टेक्सस, मिसिसिपी, जॉर्जिया, इंडियाना इथे मात्र टेबलावर सांगून एका पक्षाची मतपत्रिका मागावी लागते आणि तशी नोंद राहते. मत कोणाला दिलं ते गुप्तच, पण कुठल्या पक्षाच्या निवडणुकीत दिलं ते वहीत असतं.

मराठी वाचकाला यातलं जवळचं नाव श्री ठाणेदार यांचं, चिकोडीत जन्म, बेळगावात वाढलेले. २०२२ मध्ये ते डेट्रॉइटकडच्या १३व्या मतदारसंघातून निवडून गेले ते मिशिगनच्या याच पद्धतीतून, नऊ जणांच्या प्रायमरीत साधारण २८ टक्के मतं घेऊन. मतदारसंघ डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला, म्हणून खरी लढत ऑगस्टमध्येच झाली. अशा ठिकाणी राहणाऱ्या रिपब्लिकन मतदाराला आपल्या खासदाराबद्दल काही म्हणायचं असेल तर डेमोक्रॅटांचा रकाना हाच मार्ग, हे लक्षात घेतल्याशिवाय क्रॉसओव्हर समजत नाही.

पहिली प्रायमरी कुठली यावर एकमत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या क्रॉफर्ड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) १८४२ च्या सुमारास डेमोक्रॅट पक्षाने थेट मतदाराकडून उमेदवार निवडायला सुरुवात केली असं सहसा सांगतात, पण तो पक्षाचा स्वतःचा नियम होता, कायदा नव्हता, आणि पद्धत सलग चालू राहिली की नंतर रिपब्लिकनांनी नव्याने उचलली याबद्दल मांडण्या वेगळ्या आहेत. ओपन प्रायमरीचा मान विस्कॉन्सिनला देतात. रॉबर्ट ला फोलेट यांनी लावून धरलेला कायदा १९०३ मध्ये झाला, १९०४ मध्ये जनमत घेऊन मंजूर झाला आणि १९०६ मध्ये पहिल्यांदा वापरला गेला. राज्यभर लागू झालेला म्हणून विस्कॉन्सिन पहिलं म्हणायला हरकत नाही, पण क्रॉसओव्हरचा इतिहास त्याआधी मिनियापोलिसपासून धरणं जास्त बरोबर वाटतं. मिनेसोटाने १८९९ मध्ये त्या शहराच्या काउंटीपुरता प्रायमरीचा कायदा केला आणि १९०० च्या पहिल्याच खेपेला डॉक्टर अल्बर्ट अलोन्झो एम्स, जे आधी डेमोक्रॅट म्हणूनही महापौर राहिलेले, ते रिपब्लिकन प्रायमरीत उतरले आणि डेमोक्रॅट मतदारांना तिकडे या म्हणाले, ते आले, तिकीट मिळालं, महापौरपद मिळालं आणि दोन वर्षांच्या आत त्यांचा कारभार देशभर गाजलेल्या भ्रष्टाचाराच्या प्रकरणात बुडाला. म्हणजे पद्धत आणि तिच्यावरची तक्रार एकदमच जन्माला आल्या.

१९६४ मध्ये अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस, वर्णभेदाचे कट्टर समर्थक, विस्कॉन्सिनच्या डेमोक्रॅट प्रायमरीत उतरले आणि जवळजवळ ३४ टक्के मतं घेऊन गेले. उत्तरेतल्या राज्यात हे झालंच कसं म्हणून खळबळ उडाली आणि रिपब्लिकन मतदारांनी येऊन केलं हे स्पष्टीकरण लगेच पुढे आलं. ते अर्धंच खरं असावं, क्रॉसओव्हर मोठं होतं यात शंका नाही पण डेमोक्रॅट कामगार वस्त्यांतूनही वॉलेसना मतं पडली होती आणि दुसऱ्यांवर ढकलणं पक्षाला सोयीचं होतं. १९७२ मध्ये मिशिगनमध्येही तेच, गोळी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी वॉलेस ५१ टक्के मतांनी जिंकले. पुढे डेमोक्रॅट पक्षाने राष्ट्रीय पातळीवर नियमच केला की अध्यक्षपदाचे डेलिगेट, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी, निवडताना फक्त डेमोक्रॅट मतदारच चालतील, विस्कॉन्सिनने मानलं नाही, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८१ मध्ये निकाल पक्षाच्या बाजूने लागला. प्रायमरी कशी घ्यायची ते राज्याने ठरवावं, पण तिथून आलेले डेलिगेट आत घ्यायचे की नाही ते पक्ष ठरवेल. राज्याच्या बाजूने अॅटर्नी जनरल (राज्याचे सर्वोच्च कायदा अधिकारी) होते ब्रॉन्सन ला फोलेट, मूळ ला फोलेट यांचे नातू.

दुसरा मोठा निकाल २००० चा. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये प्रस्ताव १९८ मंजूर करून ब्लँकेट प्रायमरी आणली होती, म्हणजे गव्हर्नरला एका पक्षात मत द्या आणि सिनेटला दुसऱ्या पक्षात, सगळं एकाच मतपत्रिकेवर. सुप्रीम कोर्टाने ती ७ विरुद्ध २ ने रद्द केली. न्यायमूर्ती स्कालिया यांनी निकालात १९९७ चा एक सर्व्हे घेतलाय, त्यात ३७ टक्के रिपब्लिकन मतदार आपण डेमोक्रॅटांच्या गव्हर्नर प्रायमरीत मत देणार म्हणाले होते. एवढे लोक येणार असतील तर पक्षाचा उमेदवार पक्षाबाहेरचे ठरवणार, असा युक्तिवाद.

पण येणारे का येतात हा प्रश्न या आकड्याने सुटत नाही. अभ्यासक साधारण तीन हेतू सांगतात. एक, तिकडचा उमेदवार खरंच आवडतो. दुसरा, आपल्याकडे चुरस नाही आणि तिकडचा कोणीतरी निवडून येणारच, तर निदान बरा यावा. तिसरा हेतू म्हणजे रेडिंग, मुद्दाम कमकुवत उमेदवार पुढे करायचा म्हणजे नोव्हेंबरमध्ये आपला सोपा जिंकेल. कोर्टात आणि भाषणात तिसऱ्याचाच गाजावाजा होतो, प्रत्यक्ष मतदारांना विचारून केलेल्या अभ्यासांत मात्र तो सगळ्यात कमी सापडतो आणि हे मत जास्त भरवशाचं वाटतं, कारण रेडिंगसाठी हजारो लोकांनी स्वतःच्या पक्षातलं मत सोडून एकाच वेळी एकच खेळी खेळावी लागते. २००८ मध्ये रेडिओवाले रश लिंबॉ यांनी ऑपरेशन केऑस नावाने उघड आवाहन केलं होतं की रिपब्लिकनांनी हिलरी क्लिंटन यांना मत देऊन त्यांचं आणि ओबामांचं डेमोक्रॅट तिकिटाचं भांडण लांबवावं. इंडियानात क्लिंटन सुमारे १४ हजार मतांनी जिंकल्या आणि श्रेय लिंबॉंनी घेतलं, पण एक्झिट पोलमध्ये आलेल्या रिपब्लिकनांची मतं दोघांत विभागलेली दिसली, क्लिंटनकडे थोडाच झुकाव, आणि त्यातले किती जण आवाहनामुळे आले ते कोणालाच सांगता आलेलं नाही.

निकाल प्रत्यक्ष फिरला असं ठळक प्रकरण अलाबामाचं, १९८६ चं. वॉलेस निवृत्त होत होते, डेमोक्रॅट तिकिटाचा रनऑफ, म्हणजे पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसली की पहिल्या दोघांत होणारी दुसरी फेरी, २४ जूनला झाला, त्यात अॅटर्नी जनरल चार्ल्स ग्रॅडिक यांना ४,७०,०५१ आणि लेफ्टनंट गव्हर्नर (उपगव्हर्नर) बिल बॅक्सली यांना ४,६१,२९५ मतं पडली, फरक ८,७५६. पक्षाचा नियम होता की आधीच्या फेरीत रिपब्लिकन प्रायमरीत मत दिलेल्याने डेमोक्रॅट रनऑफमध्ये यायचं नाही, आणि ग्रॅडिक यांनी अशा मतदारांना या म्हणून प्रोत्साहन दिलं, तेही राज्याचे सर्वोच्च कायदा अधिकारी असताना. तीन न्यायाधीशांच्या फेडरल कोर्टाने यात व्होटिंग राइट्स अॅक्टचा, म्हणजे मतदानात वांशिक भेदभाव होऊ नये म्हणून केलेल्या केंद्रीय कायद्याचा, भंग धरला, कारण नियम पाळायचा की नाही हा बदल केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय झाला होता आणि त्याने बॅक्सलींच्या मागे उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय मतदारांचं वजन कमी होत होतं. पण बेकायदा मतं पेटीतून वेगळी काढायची कशी? मतपत्रिकेवर नाव नसतं. शेवटी पक्षाच्या समितीने एक्झिट पोल आणि तज्ज्ञांच्या साक्षी यांवरून अंदाज बांधला, कायदेशीर मतांत बॅक्सली पुढे होते असं धरलं आणि तिकीट त्यांना दिलं. फेडरल अपील कोर्टानेही त्यात हात घातला नाही. लोकांना हे अजिबात रुचलं नाही. नोव्हेंबरमध्ये फारसे कोणाच्या खिजगणतीत नसलेले रिपब्लिकन गाय हंट ५६ टक्के मतांनी गव्हर्नर झाले, ११२ वर्षांतले त्या पक्षाचे पहिले.

मिसिसिपीचं २०१४ चं प्रकरण उलट्या टोकाचं आहे. ३ जूनला रिपब्लिकन सिनेट प्रायमरीत क्रिस मॅकडॅनियल १,५७,७३३ आणि जुने सिनेटर थॅड कॉकरन १,५६,३१५, कोणालाच ५० टक्के नाहीत म्हणून २४ जूनला रनऑफ. या तीन आठवड्यांत कॉकरनच्या बाजूने कृष्णवर्णीय डेमोक्रॅट वस्त्यांत उघड प्रचार झाला आणि मतदान ६० हजारांहून जास्त वाढून कॉकरन ७,६६७ मतांनी जिंकले. इथे नियम नीट बघितला पाहिजे. ३ जूनला डेमोक्रॅट प्रायमरीत मत दिलेल्याला रिपब्लिकन रनऑफमध्ये बंदी होती, पण जो ३ जूनला घरीच बसला तो आयुष्यभर डेमोक्रॅट असला तरी येऊ शकत होता. राज्याच्या कायद्यात अजून एक कलम आहे की पुढे त्या उमेदवाराला पाठिंबा द्यायचा इरादा असेल तरच प्रायमरीत मत द्यावं, पण मनातला इरादा टेबलावर कोण तपासणार, मतदार स्वतः बोलून दाखवत नाही तोवर त्याला अडवता येत नाही असाच अर्थ लावला जातो. मॅकडॅनियलचे लोक काउंटी काउंटीत जाऊन दोन्ही तारखांच्या मतदार वह्या शेजारी ठेवून नावं जुळवत बसले आणि हजारो मतं बेकायदा असल्याचा दावा केला. तो खरा की खोटा याचा निवाडा झालाच नाही. पक्षाकडे तक्रार ४ ऑगस्टला गेली, रनऑफनंतर ४१ दिवसांनी, आणि विशेष न्यायाधीश हॉलिस मॅगी यांनी १९५९ च्या जुन्या निकालावर बोट ठेवून सांगितलं की मुदत २० दिवसांची होती. २४ ऑक्टोबरला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तेच कायम केलं.

जॉर्जियात २००२ मध्ये खासदार सिंथिया मॅकिनी डेमोक्रॅट प्रायमरीत डेनिस मॅजेट यांच्याकडून हरल्या तेव्हा समर्थकांनी ओपन प्रायमरीवरच खटला भरला होता, तोही टिकला नाही. त्याच राज्यात २०२२ मध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्यातल्या निवडणुकांचे प्रमुख अधिकारी) ब्रॅड रॅफेन्सपर्गर रिपब्लिकन प्रायमरीत ५२ टक्क्यांवर रनऑफशिवाय सुटले आणि असोसिएटेड प्रेसने वह्या तपासल्या तेव्हा २०२० मध्ये डेमोक्रॅट प्रायमरीत मत दिलेले ३७ हजारांहून जास्त लोक रिपब्लिकन बाजूला आलेले निघाले.

या सगळ्यानंतर कल बंद करण्याकडे आहे. आयडाहोत २०११ मध्ये फेडरल कोर्टाने रिपब्लिकन पक्षाच्या बाजूने निकाल दिला आणि प्रायमरी बंद झाली. अलाबामाने २०१७ मध्ये रनऑफमधलं क्रॉसओव्हर कायद्याने गुन्हा केलं, पण पहिल्याच वापरात संशयितांच्या यादीतली बरीच नावं केंद्रावरच्या नोंदीतल्या चुकांमुळे आलेली निघाली. वायोमिंगमध्ये २०२२ ला रिपब्लिकन खासदार लिझ चेनी डेमोक्रॅटांची मदत येऊनही २९ टक्क्यांवर पडल्या, तरी २०२३ मध्ये उमेदवारी अर्ज सुरू झाल्यावर पक्ष बदलायला बंदी आली. टेक्ससमध्ये २०२४ च्या रनऑफमध्ये सभागृहाचे तेव्हाचे स्पीकर, रिपब्लिकन डेड फेलन चारशेपेक्षा कमी मतांनी वाचले, हरलेल्या बाजूने डेमोक्रॅटांकडे बोट दाखवलं आणि तिथला रिपब्लिकन पक्ष प्रायमरी बंद करा म्हणून कोर्टात गेला.

अमेरिकेबाहेर थोडीच उदाहरणं आहेत. फ्रान्समध्ये २०१६ च्या उजव्या पक्षांच्या प्रायमरीत २ युरो देऊन आणि उजव्या व मध्यममार्गी मूल्यांच्या निवेदनावर सही करून कोणीही मत देऊ शकत होतं, आणि सर्व्हेत साधारण १५ टक्के मतदार डावे निघाले. ब्रिटनमध्ये २०१५ ला लेबर पक्षाने पक्षाचा नेता निवडताना ३ पौंडांत समर्थक म्हणून मत द्यायची सोय केली तेव्हा जेरेमी कॉर्बिन यांना जिंकवायला विरोधक घुसताहेत अशी ओरड झाली, पक्षाने अर्ज तपासून बरेच बाद केले. कॉर्बिनना एकूण ५९.५ टक्के मिळाली, आणि नुसते पूर्ण सभासद मोजले तरी ४९.६.