हिपॅटायटिस बी : पुण्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील संसर्ग

हिपॅटायटिस बी विषाणूमुळे होणारा यकृताचा दाह. बोलीत ‘पांढरी कावीळ’. महाविद्यालयीन वयात हा संसर्ग पुष्कळदा आजारपणातून नव्हे, तर रक्तदान शिबिरातून उघडकीस येतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात अठरा पूर्ण झालेला विद्यार्थी प्रथमच रक्त देतो. पिशवीबरोबर नळीत घेतलेल्या नमुन्यावर रक्तपेढी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, उपदंश आणि मलेरिया यांच्या चाचण्या करते. बी विषाणूचा पृष्ठ-प्रतिजन (एचबीएसएजी), म्हणजे विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिन, आढळल्यास पिशवी नष्ट केली जाते आणि दात्याला समुपदेशनासाठी बोलावणे जाते. आपल्याला कधी कावीळ झाल्याचे त्याला अनेकदा आठवतही नसते.

हा प्रतिजन बरूक ब्लूमबर्ग व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये नोंदवला. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तद्रवात तो मिळाल्याने त्यास ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हणत. प्रथम त्याचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी जोडला गेला. यकृतदाहाशी असलेले नाते १९६७-६८ च्या सुमारास स्पष्ट झाले. ब्लूमबर्ग यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सुमारे ४२ नॅनोमीटर व्यासाचा पूर्ण विषाणुकण १९७० मध्ये ब्रिटिश विषाणुशास्त्रज्ञ डेन यांनी दाखवला.

संसर्ग नेमका केव्हा झाला, यावर भारतीय संदर्भात अभ्यासकांचे एकमत नाही. एका मतानुसार तो मुख्यतः प्रसूतीच्या वेळी आईकडून येतो; दुसऱ्या मतानुसार पहिल्या काही वर्षांत घरातल्या वाहकाकडून, उघड्या जखमा, सामाईक वस्तरा किंवा टूथब्रश, न उकळलेल्या सुया यांतून. पूर्व आशियात पहिला मार्ग प्रभावी आहे, कारण तेथील वाहक मातांत ‘ई’ प्रतिजनाचे (विषाणू जोमाने वाढत असल्याची खूण असलेल्या प्रथिनाचे) प्रमाण जास्त असते. भारतीय मातांत ते तुलनेने कमी असल्याने येथे दुसऱ्या मार्गाला अधिक वजन देणे सयुक्तिक वाटते. तथापि ‘ई’ प्रतिजन नसलेल्या आईकडूनही काही बाळांना संसर्ग होतो, त्यामुळे पहिले मत बाद ठरत नाही.

दोन्ही मतांतून निघणारा निष्कर्ष मात्र एकच आहे. जन्माच्या वेळी झालेला संसर्ग सुमारे ९० टक्के बालकांत कायमचा राहतो, एक ते पाच वर्षांच्या वयात झालेला साधारण ३० टक्क्यांत, तर प्रौढपणी झालेला ५ टक्क्यांहूनही कमी जणांत. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी आढळलेला जुनाट संसर्ग बहुधा बालपणीचा असतो. त्यावरून मुलाच्या वा मुलीच्या चारित्र्याविषयी तर्क करणे अन्यायाचे आहे आणि शास्त्रालाही धरून नाही. अर्थात एचबीएसएजीच्या एकाच अहवालावरून नवा-जुना हा भेद कळत नाही. प्रतिजन सहा महिन्यांनंतरही टिकला तर संसर्ग जुनाट मानतात. अशा वेळी आई आणि भावंडांचीही तपासणी करावी.

तरुणपणी नव्याने होणारा संसर्ग असुरक्षित लैंगिक संबंध, सामाईक सुया, निर्जंतुक न केलेली टॅटूची वा कान टोचण्याची साधने यांतून होतो. विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. मेसमधल्या दूषित पाण्यातून वा अन्नातून पसरणारी कावीळ ए किंवा ई प्रकारची असते; बी प्रकार ताट-पेल्यातून वा पंगतीत शेजारी बसल्याने पसरत नाही. वसतिगृहात अशा विद्यार्थ्याला वेगळे ताट देण्यास किंवा खोली बदलायला लावण्यास काडीचाही आधार नाही.

हिपॅटायटिस बी टाळणारी लस पुण्यातच, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. तिचा समावेश असलेले लसीकरण २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत विस्तारले आणि २०११ पासून देशभर लागू झाले. त्याआधी जन्मलेल्यांचे लसीकरण पालकांच्या ऐपतीवर व माहितीवर अवलंबून होते. मोठेपणी ० , १ व ६ महिने असे तीन डोस घेतात.

जुनाट संसर्गात प्रत्येकालाच औषध लागत नाही. लागल्यास टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर देतात. वैद्यकीय व परिचर्या शाखेच्या विद्यार्थ्यांनी लसीच्या तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी तपासावी. ती प्रति मिलिलिटर १० मिली-एककांहून कमी भरल्यास तीन डोस पुन्हा देतात.