लॉज म्हणजे भूतबंगला नव्हे

फ्रीमेसन ही बंधुभाव मानणारी, आपले विधी गुप्त ठेवणारी जुनी संघटना; लॉज म्हणजे तिची शाखा आणि तिचं सभागृह. लष्करी छावणीच्या गावांतल्या या फ्रीमेसन लॉजला लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘जादूघर’, ‘भूतबंगला’ म्हणत आले. आत भुतं बोलावतात म्हणे! तसं काहीही नाही. खिडक्या बंद, कारण विधी फक्त सभासदांसाठी. दारावर नंगी तलवार घेऊन उभा असतो तो ‘टायलर’, म्हणजे राखणदार. आत बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी फरशी, दोन खांब, पूर्वेला अध्यक्षांची खुर्ची. ही बायबलमधल्या सॉलोमन राजाने जेरुसलेमला बांधलेल्या मंदिराची आठवण. कवटी असते ती चित्रात, मरणाचं भान राहावं म्हणून. शिवाय हा निव्वळ साहेबांचा कारभार नव्हता. भारतीयांना प्रवेश मिळावा म्हणून मुंबईत १८४३ साली ‘रायझिंग स्टार’ लॉज निघालं. १८८४ साली कलकत्त्यात तरुण नरेंद्रनाथ, पुढचे विवेकानंद, लॉजचे सभासद झाले.