मनकवड्यानं काय वाचावं?

आमच्या कोल्हापुरात शिवाजी पेठेत पूर्वी नंदीबैलवाला यायचा. गुबुगुबु वाजवत दारात उभा राहायचा. "पाऊस पडंल का?" बैल मान डोलवायचा. "बाईंचं काम हुईल का?" पुन्हा मान. आई सुपातून जोंधळे आणून घालायची. मी बैलाकडं न बघता मालकाच्या हाताकडं डोळे लावून बसायचो. मला कधीच काही दिसलं नाही.

परवा भाचा आला. कॉलेजच्या गॅदरिंगला मन ओळखण्याचे प्रयोग करायचेत म्हणाला. "मामा, काय वाचू सांगा की." टोनी कोरिंडाचं 'थर्टीन स्टेप्स टू मेंटॅलिझम' त्यानं आधीच मिळवलं होतं. या धंद्यातला हा पायाच. तेरा प्रकरणं, पहिलं बोटात लपणाऱ्या एका छोट्या लेखणीवर, जिला साहेबानं नाव दिलंय 'स्वामी'! (आपल्याकडचं गिऱ्हाईक ओळखून दिल्यासारखं.) भाचा त्या पहिल्या प्रकरणातच अडकला होता. मी त्याला शेवटचं पान किती ते विचारलं, कारण तेरावं प्रकरण आहे बोलणं आणि सादरीकरण यावर. तिथवर पोचणारे थोडे. माझं मत विचाराल तर हे पुस्तक शेवटाकडून वाचावं, आणि त्याआधी एका घोड्याबद्दल वाचावं.

बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त गणित शिक्षकाचा घोडा होता, हान्स. बेरीज विचारली की खुरानं तेवढे ठोके मारायचा. मालक लबाड नव्हता, परके लोक प्रश्न विचारायचे तरी उत्तर बरोबर यायचं. ऑस्कर फुंग्स्ट या तरुण अभ्यासकानं १९०७ साली त्याची उकल केली. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर घोडा चुके. विचारणारा दिसेनासा केला तरी चुके. प्रश्न विचारून झाला की माणूस नकळत किंचित खाली वाकतो आणि बरोबर ठोका पडला की त्याचं डोकं केसभर वर येतं. हान्स तेवढंच वाचत होता. पुढं फुंग्स्ट स्वतःच घोडा झाला. समोरच्यानं मनात आकडा धरायचा, हा हातानं ठोके मारत त्याचा चेहरा न्याहाळायचा आणि नेमका थांबायचा. त्याचं पुस्तक १९११ मध्ये इंग्रजीत आलं. मनकवडेपणाचं याहून चांगलं क्रमिक पुस्तक मला माहीत नाही, आणि त्यात एकही 'ट्रिक' नाही.

त्याला जोडून मायकेल फॅरेडे. होय, विजेचाच. १८५३ मध्ये इंग्लंडात टेबलावर हात ठेवून भुतं बोलावायचं खूळ होतं. फॅरेडेनं हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर ठेवले, सहज सरकतील अशा मऊ चिकट लेपानं जोडलेले. टेबल हात ओढत असतं तर खालचा थर आधी सरकला असता, सरकला वरचा. म्हणजे ढकलत होती माणसंच, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. घरी करून बघायचं तर अंगठी दोऱ्याला बांधा, दोरा चिमटीत धरा, हात न हलवता ती गोल फिरतेय अशी नुसती कल्पना करा. बहुतेकांच्या हातात ती फिरू लागते.

'तुमचा स्वभाव सांगतो' या प्रकारासाठी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोररचा १९४९ चा छोटा निबंध पुरे. ३९ विद्यार्थ्यांना त्यानं व्यक्तिमत्त्व चाचणीचा निकाल म्हणून एकच मजकूर दिला, रस्त्यावर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. मुलांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. भाचा हसला. मी म्हटलं, हसू नकोस, पिंगळ्यानं तुझ्या आजीला सांगितलेलं आठव: "माऊली, तू समद्यांचं केलंस, पर तुझं कुनी केलं न्हाई."

इथं मराठीची एक गंमत आहे, जी इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही. समोरच्यानं मनात कुणाला धरलंय ते ओळखताना "तो तुमच्या जवळचा आहे" म्हटलं की निम्मी शक्यता गेली. पण "ती व्यक्ती तुमच्या जवळची आहे" म्हणा. 'व्यक्ती' हा शब्दच स्त्रीलिंगी, त्यामुळं मनात आजोबा असोत की आत्या, वाक्य चुकत नाही. स्टेजवरची अशी वाक्यं आपली आपणच घडवावी लागतात. म्हणून मी त्याला करवीर नगर वाचन मंदिरात नाटकं आणायला पाठवलं. १८५० पासूनचं वाचनालय, आणि हा कोल्हापुरात वीस वर्षं राहून एकदाही आत गेला नव्हता. मोठ्यानं वाच, म्हटलं, आणि कुठं थांबायचं त्यावर पेन्सिलीनं खूण कर.

थांबण्याला महत्त्व का, ते १८८७ च्या एका जुन्या अहवालात आहे. एस. जे. डेव्ही या गृहस्थानं हातचलाखीनं 'आत्म्यांची पाटीलेखनं', म्हणजे कोऱ्या पाटीवर आत्म्यानं लिहिल्यासारखी अक्षरं, करून दाखवली आणि बघणाऱ्यांकडून वर्णनं लिहून घेतली. माणसं प्रामाणिकपणे लिहीत होती, पण पाटी हातातून सुटली तो क्षण वर्णनातून गायब, घटनांचा क्रम उलटासुलटा. प्रेक्षक घरी जाऊन जे सांगतो ते असं असतं. बोलण्यात कुठं जोर द्यायचा आणि कुठला तपशील सहज ओलांडायचा, हे ज्याला जमतं त्याचा प्रयोग गावभर आणखी मोठा होऊन फिरतो.

एक अट मी घातली. सुरुवातीलाच सांगायचं, हा खेळ आहे. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं चमत्काराचा दावा करून लोकांना लुबाडणं गुन्हा आहे. त्याला वाटलं मजा जाईल. जात नाही, उलट लोक पकडायला सरसावून बसतात आणि पकडण्याच्या नादात भलतीकडंच बघतात. माझा नंदीबैल आठवा.

रविवारी तालीम झाली. ताईनं घरात किल्ली लपवली. भाच्यानं तिचं मनगट धरायचं, तिनं फक्त जागा मनात धरायची. दिशा चुकली की मनगट जरा जड होतं, बरोबर असली की सैल, एवढ्यावरच एकोणिसाव्या शतकात लोकांनी नाटकगृहं भरवली. दोघं सोप्यातून माजघरात, तिथून स्वयंपाकघरात. फडताळापाशी हा अडखळला, उजवीकडं वळला, परत आला. कांदा-लसूण चटणीच्या बरणीसमोर उभा राहिला आणि झाकण उघडलं. किल्ली बरणीतच, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मला खरंच काटा आला.

ताई मनगट चोळत म्हणाली, "ते समदं बरोबर. पण मघापासनं तोंडातनं एक शब्द काढला न्हाईस. मला वाटलं, दवाखान्यात न्यायलायस."