डाय टाकून आणि डायशिवाय: दाह झालेल्या डोळ्याच्या दोन अँजिओग्राफी

यूव्हिआयटिसच्या, म्हणजे डोळ्याच्या आतील दाहाच्या, रुग्णाच्या फाइलमध्ये पुष्कळदा रक्तवाहिन्यांच्या तपासणीचे दोन अहवाल एकापाठोपाठ लावलेले असतात, एक फ्लुओरेसीन नावाचा डाय (चमकणारे रंगद्रव्य) टोचून केलेल्या फ्लुओरेसीन अँजिओग्राफीचा आणि दुसरा प्रकाशाने ऊतींचे थर टिपणाऱ्या ओसीटी स्कॅनवर आधारलेल्या ओसीटी अँजिओग्राफीचा. दोन्हींत काळ्या पार्श्वभूमीवर रक्तवाहिन्यांचे उजळ जाळे दिसत असल्यामुळे, दुसरी तपासणी म्हणजे पहिलीच, फक्त सुई न टोचता केलेली, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात पहिली तपासणी मुख्यतः रक्तवाहिनीची भिंत पाझरते आहे का हे दाखवते, तर दुसरी त्या वाहिनीतून रक्त वाहते आहे का एवढेच दाखवते.

मानवी डोळ्याच्या फ्लुओरेसीन अँजिओग्राफीची पद्धत नोव्होट्नी आणि अल्व्हिस यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतील इंडियाना येथून प्रसिद्ध केली. हातातील शिरेत टोचलेला डाय साधारण १० ते १५ सेकंदांत दृष्टिपटलात पोहोचतो आणि निळ्या प्रकाशात हिरवट-पिवळा चमकतो. निरोगी दृष्टिपटलात वाहिन्यांच्या अस्तरातील पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की डाय आतच राहतो. दाहामुळे हे सांधे सैल झाले, की सुरुवातीच्या छायाचित्रांत रेखीव दिसणारी शीर काही मिनिटांनी कडेला धूसर होते, तिची भिंतच रंगते आणि दहाव्या मिनिटापर्यंत भोवतालचा भागही उजळून निघतो. बेहसेटच्या आजारात (शरीरभर रक्तवाहिन्यांचा दाह करणाऱ्या विकारात) केशवाहिन्यांची ही गळती फर्नच्या पानासारखी पसरलेली दिसते. विशेष म्हणजे, नजर ६/६ असताना आणि नेहमीच्या तपासणीत डोळा शांत वाटत असतानाही अशी गळती सापडू शकते.

ओसीटी अँजिओग्राफीत शरीरात काहीही टोचले जात नाही. यंत्र एकाच जागेचे लागोपाठ अनेक स्कॅन घेते. त्यांत स्थिर ऊती तशाच राहतात, पण धावत्या लाल पेशींमुळे संकेत बदलतो आणि त्या बदलावरूनच वाहिनीचे चित्र तयार होते. भिंतीतून बाहेर झिरपलेल्या द्रवाची या चित्रात नोंदच होत नाही. म्हणून ओसीटी अँजिओग्राफी चांगली आली एवढ्यावरून दाह शमला असे मानणे धोक्याचे आहे.

मात्र जिथे गळतीच चित्र झाकून टाकते, तिथे हीच मर्यादा उपयोगी पडते. भारतात वारंवार भेटणाऱ्या, क्षयरोगाशी निगडित सर्पिजिनससदृश कोरॉइडायटिसचे, म्हणजे दृष्टिपटलामागच्या थराच्या नागमोडी पसरणाऱ्या दाहाचे, उदाहरण घ्यावे. त्यात व्रणाची सक्रिय कडाही शेवटी डायने उजळते आणि व्रणाशेजारी उगवलेल्या नव्या रक्तवाहिन्याही डाय गाळतात, त्यामुळे या दोहोंतील भेद करणे कठीण जाते. ओसीटी अँजिओग्राफीत थर वेगळे करून पाहता येतात आणि नव्या वाहिन्यांचे जाळे स्पष्ट उठून दिसू शकते. या फरकावर उपचार ठरतो, कारण नव्या वाहिन्यांसाठी डोळ्यात अँटी-व्हीईजीएफ (नव्या वाहिन्यांची वाढ रोखणारे) इंजेक्शन द्यावे लागते, तर सक्रिय दाहासाठी स्टेरॉइड आणि क्षयरोगाची औषधे लागतात.

काळ्या डागाचा अर्थ लावताना अधिक जपावे लागते. ओसीटी अँजिओग्राफीतील काळा भाग म्हणजे बंद पडलेल्या केशवाहिन्या असू शकतात, अतिशय मंद प्रवाह असू शकतो, किंवा काचद्रवातील (डोळ्याच्या पोकळीतील पारदर्शक जेलीतील) गढूळपणाची नुसती सावली असू शकते. यूव्हिआयटिसमध्ये गढूळपणा नेहमीचाच, शिवाय बाहुली पुष्कळदा मागच्या भिंगाला चिकटून लहान झालेली असते. त्याच जागेचा साधा ओसीटी स्कॅन पाहिल्याशिवाय रक्तपुरवठा तुटल्याचे निदान करू नये.

हेन्री ईल्स यांनी १८८० मध्ये वर्णन केलेला आणि भारतातील तरुण पुरुषांत बराच आढळणारा ईल्सचा आजार, म्हणजे दृष्टिपटलाच्या शिरांचा दाह, दृष्टिपटलाच्या कडेला सुरू होतो. ओसीटी अँजिओग्राफीचे नेहमीचे स्कॅन मात्र मध्यभागाच्या ३ किंवा ६ मिलिमीटरच्या चौकोनाचे असतात. कडेचा रक्तहीन भाग हुडकून लेसर कुठे द्यायचा हे ठरवायला वाइड-फील्ड (कडेपर्यंतचा रुंद भाग टिपणारी) फ्लुओरेसीन अँजिओग्राफीच हवी.

डायमुळे मळमळ होऊ शकते, त्वचा काही तास पिवळसर राहते, लघवीला गडद रंग येतो आणि क्वचित गंभीर ॲलर्जी होते. गरोदरपणात तो शक्यतो टाळतात. त्यामुळे प्रत्येक भेटीला ही तपासणी करणे शक्य नसते आणि अधल्यामधल्या भेटींत, विशेषतः नव्या वाहिन्यांवर लक्ष ठेवण्यासाठी, ओसीटी अँजिओग्राफी पुरेशी ठरते. पण रेटिनल व्हॅस्क्युलायटिसच्या (दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या) रुग्णाचे स्टेरॉइड कमी करत आणण्याचा निर्णय घ्यायचा असेल, तर त्याआधी एकदा डाय टाकून गळती थांबली आहे का हे पाहून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.