इम्प्लांटचा साइझ: नुसतं इम्प्लांट वेगळं, लिफ्टसोबतचं वेगळं

स्तन ओघळलेत आणि वरचा भाग रिकामा वाटतो, अशी तक्रार घेऊन सर्जनकडे जाणाऱ्या बऱ्याच जणींच्या डोक्यात एक आकडा आधीच पक्का असतो. इम्प्लांटचा, म्हणजे स्तनात बसवायच्या कृत्रिम पिशवीचा, साइझ: ३५० सीसी (मिलिलीटर), नाहीतर ४००. तो बहुतेक वेळा एखाद्या फोटोखाली वाचलेला असतो, आणि त्या फोटोतल्या बाईचं फक्त इम्प्लांट झालेलं असतं. लिफ्टसोबत, म्हणजे ओघळलेला स्तन वर उचलण्याच्या शस्त्रक्रियेसोबत, तोच आकडा धरला की हिशेब चुकतो.

इम्प्लांट स्तनाचं आकारमान वाढवतं. लिफ्टमध्ये स्तनाग्र वर सरकवतात, जादा त्वचा काढतात आणि आतल्या ऊतींना नवा आकार देतात. लिफ्टने स्तन मोठा होत नाही. सैल त्वचा गेल्यामुळे ब्रा उलट थोडी ढिलीच होते. इम्प्लांट खाली गेलेलं स्तनाग्र जेमतेम वर आणतं. तुम्हाला नेमकं काय हवंय याचा साधा अंदाज असा: ब्रा घालून आरशात पाहा. ब्रामध्ये भरलेपणा पुरेसा वाटत असेल आणि खटकतं ते फक्त ब्रा काढल्यावरचं रूप, तर बहुधा नुसती लिफ्ट पुरेल. ब्रामध्येही वरचा भाग पोकळ दिसत असेल, तर इम्प्लांटचा विचार.

आता ब्रा काढून सरळ उभं राहा आणि स्तनाखालच्या घडीत एक पट्टी आडवी धरा. स्तनाग्र पट्टीच्या पातळीला असेल तर ओघळणं पहिल्या श्रेणीचं. पट्टीच्या खाली, पण स्तनाच्या सर्वांत खालच्या टोकाच्या वर असेल तर दुसऱ्या. अगदी तळाशी, जमिनीकडे तोंड करून असेल तर तिसऱ्या. रेनो या सर्जनने १९७६ मध्ये मांडलेली ही वर्गवारी आजही वापरात आहे. स्तनाग्र घडीच्या वर, पण स्तनाचा भार मात्र खाली लोंबलेला, असाही एक प्रकार असतो. त्यात आणि सौम्य पहिल्या श्रेणीत नुसत्या इम्प्लांटवर भागण्याची शक्यता असते. दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत ती जवळपास नसते.

तरीही "लिफ्टचे वण नकोत, त्यापेक्षा मोठं इम्प्लांट टाका, आपोआप उचललं जाईल" ही मागणी फार होते. यातून दोनपैकी एक घडतं. इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली वरच राहतं आणि स्वतःचा स्तन त्याच्यावरून घसरून पुढे लोंबतो; बाजूने पाहिलं की दोन वेगळे उंचवटे दिसतात. किंवा इम्प्लांट स्तनाबरोबर खाली उतरतं, मग ओघळ तसाच राहतो आणि वजन तेवढं वाढतं. ३०० सीसीचं इम्प्लांट म्हणजे प्रत्येक बाजूला जवळजवळ ३०० ग्रॅम, रात्रंदिवस, आधीच ताणलेल्या त्वचेवर. वण टाळायला मोठा साइझ घेणं हा या सगळ्यातला सर्वांत महागात पडणारा निर्णय.

नुसतं इम्प्लांट बसवायचं असतं तेव्हा मोजमाप स्तनाच्या तळाच्या, म्हणजे छातीला टेकलेल्या भागाच्या, रुंदीपासून सुरू होतं. समजा स्तनाची रुंदी १३ सेंमी आहे. आतल्या कडेला चिमटीत १.५ सेंमी जाडी येते, बाहेरच्या कडेला २.५. चिमटीत ऊतींचे दोन थर येतात, म्हणून बेरजेचा निम्मा भाग वजा करायचा: १३ उणे २, म्हणजे सुमारे ११ सेंमी रुंदीचं इम्प्लांट. त्याहून रुंद घेतलं तर कडा काखेकडे हाताला लागते किंवा मधलं अंतर नको तितकं कमी होतं. रुंदी ठरली की सीसीचा प्रश्न बराचसा प्रोफाइलवर, म्हणजे इम्प्लांट पुढे किती येतं त्यावर, येतो, कारण त्याच रुंदीत हाय प्रोफाइलमध्ये जास्त सीसी मावतात आणि स्तन पुढे जास्त येतो. वरच्या भागात चिमटीतली जाडी २ सेंमीपेक्षा कमी असेल तर इम्प्लांट निदान वरच्या बाजूने तरी स्नायूखाली ठेवतात, नाहीतर कडा दिसते.

लिफ्ट सोबत असली की हे सगळं मोजायचंच, पण शेवटचा शब्द त्वचेचा असतो. लिफ्ट त्वचा कमी करते, इम्प्लांट तीच त्वचा ताणतं. एकाच वेळी दोघांची ओढ उलट दिशेला. म्हणून बरेच सर्जन आधी इम्प्लांट बसवतात, टेबल उचलून पेशंटला बसतं करतात, त्वचा स्टेपलरने तात्पुरती जुळवून पाहतात आणि मगच किती कापायची ते ठरवतात. आधीच मापाने कापली आणि आत मोठं इम्प्लांट बसवलं, तर टाके ताणाखाली येतात. उलट्या टी आकाराच्या वणात उभी आणि आडवी रेघ जिथे मिळते ती जागा सर्वांत आधी उघडते. ॲरिओलाभोवती (स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाभोवती) फक्त गोल छेद घेतला असेल तर ॲरिओला पसरतो आणि वण रुंद होतो.

यापेक्षा गंभीर धोका स्तनाग्राच्या रक्तपुरवठ्याचा. लिफ्टमध्ये त्वचेकडून येणाऱ्या काही रक्तवाहिन्या कापल्या जातात. त्यात इम्प्लांटसाठी ग्रंथीच्या मागे मोठी जागा सोडवली तर मागून येणाऱ्याही जातात. इम्प्लांट जितकं मोठं, तितकी जागा मोठी आणि आतून दाबही जास्त. निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून सिगारेट, चघळायची तंबाखू, व्हेप, निकोटीनचा पॅच, सगळंच ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे बंद. यात लपवाछपवी केली तर स्तनाग्र काळं पडून गमवायची वेळ येऊ शकते.

म्हणून लिफ्टसोबत इम्प्लांटचं काम मर्यादित ठेवायचं: वरचा रिकामा भाग भरणं. त्याला मध्यम किंवा लहान साइझ सहसा पुरतो. स्वतःच्या ऊती भरपूर असतील तर खालचा भाग वर वळवून आतच टाकता येतो आणि इम्प्लांटची गरजच उरत नाही. हा पर्याय सर्जनने स्वतःहून काढला नाही तर तुम्ही विचारा.

ब्रामध्ये सायझर, म्हणजे नमुन्याचं इम्प्लांट, ठेवून पाहण्याची पद्धत इथे फसवी ठरते. ओघळलेला स्तन ब्राने आधीच वर उचललेला असतो, त्यामुळे आरशात दिसतं ते सायझर आणि ब्राने केलेली लिफ्ट, दोन्ही मिळून. सायझरवरून कपड्यांत आपण केवढ्या दिसू एवढं कळतं. आकार आणि उंची कळत नाही. कपचंही तेच. एका कपला साधारण १५० ते २०० सीसी धरतात, पण ३२ च्या ब्राचा सी आणि ३८ च्या ब्राचा सी यांत बराच फरक असतो, आणि प्रत्येक कंपनीची शिवण निराळी. "मला डी हवा" यापेक्षा आवडलेले आणि न आवडलेले तीन-चार फोटो दाखवणं कामाचं, आणि तेही लिफ्टसोबत इम्प्लांट झालेल्यांचेच.

ओघळ खूप आणि हवा असलेला साइझही मोठा, अशा वेळी दोन टप्पे बरे: बहुतेकदा आधी लिफ्ट, तीन ते सहा महिन्यांनी इम्प्लांट. दोनदा भूल आणि दोनदा खर्च खरा, पण तोवर त्वचा स्थिरावते आणि दुसऱ्या वेळी मोजमाप नेमकं होतं. लिफ्टनंतर इम्प्लांट नकोच वाटणाऱ्याही असतात.

एकाच वेळी करायचं ठरलं, तर संमतिपत्रावर एकच आकडा लिहून घेऊ नका. सर्जनला वर-खाली ४०-५० सीसीची मुभा द्या आणि त्वचा नीट जुळत नसेल तर लहान साइझ घ्यायचा, हे आधीच बोलून ठेवा. दोन्ही स्तन सारखे नसतील तर दोन बाजूंना वेगळे साइझ लागू शकतात, तेही त्याच वेळी विचारून घ्या.