सीडीएलला १६० तास लागतातच, हे खरं नाही

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात ट्रकचं लायसन्स म्हणजे सीडीएल करायचं तर १६० तास भरावेच लागतात, फेडरल कायदाच आहे, असं अजून सांगतात लोक. तसं नाहीये. ७ फेब्रुवारी २०२२ पासूनच्या फेडरल नियमात तासांची अटच नाही, थिअरीत ८० टक्के पाहिजेत आणि गाडी नीट जमते अशी इन्स्ट्रक्टरची खात्री पटली पाहिजे, बास. १६० तास बरीच कॉलेजं स्वतःच ठेवतात, काही राज्यांचे नियम वेगळे. लायसन्सच्या परीक्षेतली एअर ब्रेकची, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची टेस्ट मात्र घोटून घ्या, इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरला की ट्रेलरसकट गाडीत मिनिटाला ४ पीएसआयपेक्षा जास्त प्रेशर उतरता कामा नये, आणि ही टेस्ट चुकली की तिथेच नापास. फी भरायच्या आधी कॉलेजचं नाव फेडरल ट्रेनिंग प्रोव्हायडर रजिस्ट्रीत, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्यांच्या सरकारी यादीत आहे का बघाच.