पॉइंट राखणे

पॉइंट राखणे म्हणजे ऑनलाइन शूटर गेममधे मॅपवरची ठरलेली जागा टीमनं ताब्यात घ्यायची अन् टिकवायची. किल, म्हणजे मारलेले गडी, कमी असले तरी मॅच जिंकता येते, नवीन पोरांच्या डोक्यात हेच लवकर शिरत नाही. प्रकार जुनाच आहे, १९९९ च्या अनरियल टूर्नामेंट गेममधे तो डॉमिनेशन नावानं होता, २००२ च्या बॅटलफील्ड १९४२ मधे झेंडे कमी पडले की त्या टीमची तिकिटं गळत जायची, तिकिटं संपली की हार. जळगाव-धुळ्याकडच्या पोरांना तो भेटला मोबाईलवर, २०१९ ला कॉल ऑफ ड्यूटी मोबाईल आला तेव्हा.

डॉमिनेशनमधे ए, बी, सी असे तीन झेंडे असतात. जितके झेंडे ताब्यात तितका स्कोअर वाढत राहतो, म्हणून दोन राखले की पुरे. तिसऱ्याचा लोभ सुटला की घात होतो, कारण मेलेला गडी परत कुठं उगवणार ते गेम माणसं अन् झेंडे बघून ठरवतो, तुम्ही सी मधे घुसले की समोरचे तुमच्या मागं ए जवळ उगवतात अन् हातातलं होतं तेही जातं. न्यूकटाउन नावाच्या मॅपमधे बी भर रस्त्यात आहे, त्याच्यावर उभं राहून राखण होतच नाही, जरा लांबून जिथून बी दिसतो तिथं बसायचं. केळीच्या बागेत मधोमध उभं राहिलं तर चार पानांपलीकडे काही दिसत नाही, राखणदार बांधावर बसतो, तसंच.

दुसरा प्रकार हार्डपॉइंट, तो २०१२ च्या कॉल ऑफ ड्यूटी ब्लॅक ऑप्स २ मधे आला. जागा एकच, पण दर ६० सेकंदांनी बदलते, अन् आत दोन्हीकडचे असले तर स्कोअर कोणालाच नाही. आत एक असला काय अन् चार असले काय, स्कोअर तेवढाच, म्हणून सगळ्यांनी आत कोंबून बसणं शुद्ध येडेपणा, एक ग्रेनेड अन् खेळ खल्लास. एकानं आत, बाकीच्यांनी वाटा धरायच्या, शेवटचे १५-२० सेकंद राहिले की दोघांनी पुढच्या जागेकडे निघायचं, पण चालू जागा सोडून जायला कोणी तयारच होत नाही ना भो.

माइकवर "तठे शे, तठे शे!" (तिथं आहे, तिथं आहे!) असं ओरडून उपयोग नाही, तठे म्हणजे कुठं? बस, खिडकी, माळा अशी जागांची नावं आधीच ठरवून घ्यावी लागतात.

मागं थांबून घरचा झेंडा धरतो तो अँकर. त्याचे किल सगळ्यात कमी, शिव्या सगळ्यात जास्त, पण तो हलला की स्पॉन, म्हणजे मेलेले गडी परत उगवायची जागा, पलटतो. आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीला ज्याचा फोन तापून अडकायला लागतो त्यालाच अँकरला बसवतात, अन् ते काही चुकीचं नाही.